ह्यांच्या कुकीज

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण उखाणा सोडला तर ह्यांचं नाव मी कधी घेतलं नाही. आमच्याकडे पद्धतच तशी. हाक मारायची तर 'अहो', आणि दुसऱ्याला सांगायचं तर 'हे'. मुलगी हसायची, आता कोण पाळतं असलं म्हणायची, पण जिभेला लागलेलं वळण काही सुटलं नाही. लॅपटॉपला मात्र कसलीच लाज नव्हती. ब्राउझर उघडला की तो ह्यांचं पहिलं नाव घेऊन, एकेरीत, वर्गमित्र असल्यासारखा ह्यांचं पुन्हा स्वागत करायचा. हे गेले तरी करतच राहिला.

हे गेले महाशिवरात्रीच्या आसपास. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, मुलगी बंगळुरूला तिच्या नोकरीवर परतली, आणि गंगापूर रोडच्या ह्या फ्लॅटमध्ये मी आणि फ्रिजचा आवाज एवढेच उरलो. लॅपटॉप मी पहिल्यांदा उघडला तो विजेचं बिल भरायला. ते काम कायम ह्यांचं. मला वाटलं, आता पासवर्ड विचारेल आणि आपलं अडणार. पण त्यानं काहीच विचारलं नाही. बिलाची साइट उघडली, ह्यांचं नाव आलं, आमचा ग्राहक क्रमांक आपोआप भरला गेला. मेलही उघडीच होती. मी म्हणजे हेच, असं तो समजत होता. मी बिल भरलं आणि उगाच बसून राहिले. ह्या घरात अजून कुणीतरी ह्यांची वाट बघतंय असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

मग रोज दुपारी जेवण झालं की मी लॅपटॉप उघडायला लागले. बातम्या वाचायच्या हे निमित्त. लक्ष सगळं कडेच्या जाहिरातींकडे. पान्यांचा संच, सोल्डरिंग गन, कुंडीतल्या कढीपत्त्यावर औषध मारायचा छोटा पंप, कसले कसले बेअरिंग. सगळ्या ह्यांच्या आवडीच्या वस्तू. माझ्यासाठी एक जाहिरात नाही. भाजी आणायला गेलेला माणूस पिशवीतून भाजी सोडून काय काय घेऊन आलाय ते बघावं, तशी मी बघायचे. आणि बोलायचेही. 'अहो, आहेत की घरात चार पाने, अजून कशाला?' असं मोठ्यानं म्हणायचे. ऐकायला कोणी नव्हतंच.

हे ओझरला विमानांच्या कारखान्यात होते. उभी नोकरी तिथेच गेली. गेटवर पास दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि आतली गोष्ट बाहेर बोलायची नाही. ह्यांनी ती शिस्त इतकी अंगी बाणवली की घरीसुद्धा गेट बंदच. संध्याकाळी बसमधून उतरून आले की मी विचारायचे, आज काय केलं? 'काम.' एवढंच उत्तर. मी पडले बोलघेवडी. सकाळी दूधवाल्यापासून जी सुरुवात व्हायची ती रात्री दिवा मालवेपर्यंत. माझ्या शंभर वाक्यांना ह्यांचा एक हुंकार. मुलगी म्हणायची, आई म्हणजे आकाशवाणी आणि बाबा म्हणजे श्रोते. पण श्रोत्यांनी कार्यक्रम ऐकला की नाही हे आकाशवाणीला कुठे कळतं?

आणि असा हा कुलूपबंद माणूस लॅपटॉपवर बसला की अगदी सताड उघडा. कुठलीही साइट उघडली की ती विचारते, कुकीज स्वीकारणार का? खाली बारीक अक्षरात रामायण लिहिलेलं असतं. हे वाचायचेच नाहीत. 'सगळं स्वीकारा' वर बोट दाबून मोकळे. मी म्हणायचे, अहो, वाचा तरी काय मागतायत ते. हे म्हणायचे, "घरात कसला पास?" त्यांच्या मानानं हे फार मोठं वाक्य झालं.

त्या जाहिरातींमध्ये एक जाहिरात होती तिनं मला छळलं. ती पान्यांपेक्षा आणि पंपापेक्षा जास्त वेळा यायची. दिंडोरीच्या पुढे, द्राक्षबागांना लागून, घर बांधायचे प्लॉट. चित्रात टेकडी, पलीकडे धरणाचं पाणी, टेकडीवर बसकं छोटं घर आणि त्याच्या ओट्यावर एक खुर्ची. एकच. खाली लिहिलेलं, 'गोंगाटापासून दूर. फक्त तुम्ही आणि शांतता.'

गोंगाट म्हणजे कोण ते मला लगेच कळलं.

मी मुलीला फोन लावला. ती अशाच कामात आहे, कॉम्प्युटरच्या सुरक्षेच्या. म्हटलं, ही दिंडोरीची जाहिरात माझ्या मागे का लागली आहे? तिनं मला कुकीज म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बिस्किटाचा विनोद सगळ्यांनी करून झालाय, मी परत करत नाही. तिच्या सांगण्याचा अर्थ एवढाच, की आपण एखाद्या साइटवर गेलो की ती आपल्या मशीनमध्ये एक चिठ्ठी ठेवते. हा माणूस येऊन गेला, त्यानं अमुक बघितलं. मग आपण दुसरीकडे कुठेही गेलो तरी ती चिठ्ठी बघून तेच ते दाखवत राहतात.

"म्हणजे बाबांनी बघितलं असणार," ती म्हणाली. "तुझ्यामागे नाही गं, बाबांच्यामागे लागलीय ती."

"एकदाच बघितलं असेल?"

"इतकी येते म्हणजे बरेचदा बघितलं असेल. अगं पण आई, लोक नुसतं बघतातच. मी पण बघते मोठमोठी घरं."

ती तिच्या मीटिंगला गेली आणि मी त्या खुर्चीकडे बघत बसले. प्लॉटबद्दल हे माझ्याशी एका अक्षरानं बोलले नव्हते. निवृत्तीनंतर टेकडीवर जाऊन एकटं राहायचा विचार होता का ह्यांचा? मला इथे ठेवून? आमचं कधी भांडण झालं नाही. न बोलणाऱ्या माणसाशी भांडणार तरी कसं? पण न भांडणारा माणूस मनातून कंटाळलेला नसतो असं थोडंच आहे? इतकी वर्षं मी ह्यांच्या कानाशी टकळी चालवली आणि हे तिकडे मनातल्या मनात ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते की काय, हे काही केल्या डोक्यातून जाईना. भाजी चिरताना तेच. देवापुढे दिवा लावताना तेच. वैधव्यापेक्षा मला ह्या विचारानं जास्त पोरकं केलं.

उत्तर एका क्लिकवर होतं. ह्यांची मेल तिथेच उघडी. प्लॉटवाल्यांना काही लिहिलं असेल तर सापडलं असतं. पण डब्याची पिशवी सोडली तर ह्यांच्या कुठल्याच गोष्टीत मी कधी हात घातला नव्हता. पाकीट नाही, कपाटाचा वरचा कप्पा नाही. आणि मनातून भीतीही होती. समजा, तसंच निघालं तर? न बघता निदान लॅपटॉपशी भांडता तरी येत होतं. 'का हो, एवढी नकोशी झाले होते का मी?' असं विचारलं की पुढची जाहिरात यायची, सोल्डरिंग गनची. वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू, असं मी ठरवून टाकलं.

भाद्रपदात आमच्या सोसायटीत एका काकूंच्या बँकखात्यात कुणीतरी परकं शिरलं. वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं, पण सगळी बिल्डिंग घाबरली. चेअरमननी गणपतीच्या मंडपातच एका माहीतगार गृहस्थांचं भाषण ठेवलं. त्यांनी ओटीपी सांगू नका, लिंक दाबू नका हे नेहमीचं सांगितलं आणि मग कुकीजवर आले. काही कुकीज नुसत्या जाहिरातींच्या असतात, म्हणाले, पण काही तुमच्या लॉगिनच्या असतात. तुम्ही एकदा पासवर्ड टाकलात की साइट तुमच्या मशीनमध्ये खूण ठेवते, म्हणून परत परत विचारत नाही. ती खूण चोराच्या हाती लागली तर त्याला पासवर्डची गरजच नाही. तो तुमच्या नावानं सरळ आत.

मी मनात म्हटलं, हा तर फॅक्टरीचा पास. ह्यांचा पास घेऊन दुसराच कुणी गेटमधून आत जातोय असं चित्र डोळ्यांपुढे आलं. गृहस्थ म्हणाले, अधूनमधून ह्या कुकीज पुसत चला. काही बिघडत नाही. पासवर्ड टाकायचा की परत आत. पुसायच्या कशा तेही त्यांनी पडद्यावर दाखवलं, आणि मी पुढच्या रांगेत बसून नीट बघून घेतलं.

मग आलं नवरात्र. वर्ष व्हायचं होतं त्यामुळे आमच्याकडे घट नाही, तोरण नाही, गोडधोड नाही. पण खंडेनवमीचं काय करायचं असा प्रश्न मला पडला. फॅक्टरीत त्या दिवशी यंत्रं पुसून फुलं वाहतात, आणि हे तीच रीत घरी पाळायचे. आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं गोळा करून जुन्या वर्तमानपत्रावर मांडायची. पाने, पक्कड, माझी शिवणाची मशीन, मिक्सर, इस्त्री, अडकित्ता, शेवटी स्कूटर. एकेक उघडायचं, ब्रशनं आतून झाडायचं, तेल द्यायचं. वरवर फडकं मारलेलं ह्यांना चालायचं नाही. आतून साफ झाल्याशिवाय फूल वाहायचं नाही, हा ह्यांचा कायदा. एकदा सासूबाईंच्या सुतकात मी म्हटलं होतं, यंदा राहू द्या. तर म्हणाले, "हा सण नाही, मेंटेनन्स आहे."

म्हणून मी केलं. वर्तमानपत्र अंथरलं आणि सगळं मांडून एकटीच बसले. पक्कड ह्यांच्या हाताच्या घामानं काळी पडली होती, ती मुद्दाम घासली नाही. मिक्सर उघडला. शिवणाच्या मशीनमधून कापसासारखा गोळा निघाला. तोंडानं बोलणं चालूच होतं, बघा हो, बरोबर करतेय ना, असं. सगळ्यात शेवटी लॅपटॉप. पडदा पुसला, बटणांच्या फटीतून ब्रश फिरवला. आणि मग तो कायदा आठवला. आतून.

ते गृहस्थ पडद्यावर जसं दाखवत होते तसं मी एकेक उघडत गेले. लॅपटॉपनं विचारलं, कधीपासूनचं पुसू? शेवटच्या तासाचं, शेवटच्या दिवसाचं, की अगदी सुरुवातीपासूनचं? अर्धवट सफाई ह्यांना कधीच पटली नव्हती. मी सुरुवातीपासूनचं निवडलं. खाली चौकटी होत्या, त्या सगळ्यांवर खुणा केल्या आणि बटण दाबलं. नवमीला सकाळी झेंडूचं एक फूल त्याच्या झाकणावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी हत्यार वापरायचं नसतं, म्हणून उघडला नाही. ह्यांचं घर नीट कुलूप लावून बंद केलं, अशा समाधानात मी होते.

दसऱ्याच्या दुपारी उघडला. ह्यांचं नाव नाही. नुसती पांढरी पाटी, आणि तिच्यावर विचारलेलं, तुम्ही कोण?

मेलवर गेले, तिनं पासवर्ड मागितला. आमचं लग्न, मुलीचा जन्म, स्कूटरचा नंबर, सगळं टाकून बघितलं. ह्यांनी पासवर्ड कुठे लिहिला असेल म्हणावं तर तीही सोय नाही. कागदावर काही ठेवायचं नाही ही फॅक्टरीची सवय. पासवर्ड विसरलात का, असं विचारलं तेव्हा हो म्हटलं. तर म्हणे, तुमच्या मोबाइलवर कोड पाठवला आहे. ह्यांचा तो नंबर रिचार्ज न केल्यामुळे उन्हाळ्यातच बंद पडला होता. कोड बहुतेक तिकडे कुठेतरी ह्यांना शोधत गेला असेल.

बातम्या उघडल्या. कडेला वजन कमी करायच्या गोळ्या, पत्त्यांचे जुगार, कुणा परक्या माणसाच्या जाहिराती. पाने गेले, पंप गेला. दिंडोरीची टेकडीही गेली, जिचा मी इतका राग राग केला होता.

मुलीला फोन केला. "आई, सगळ्या चौकटींवर टिक केलंस?" एवढं विचारून ती गप्प झाली. गप्प बसण्यात ती बापावरच गेली आहे. मग समजूत काढायला लागली. सेफ्टीच्या दृष्टीनं चांगलंच झालं, नाहीतरी इतके दिवस ते उघडं ठेवणं धोक्याचंच होतं, वगैरे. शेवटी म्हणाली, "आणि पुसलं म्हणजे सगळं गेलं असं पण नसतं गं. आपल्याकडचं पुसलं जातं. त्यांच्याकडे जे पोचलं ते त्यांच्याकडे राहतंच. तीच तर बोंब आहे."

त्यांच्याकडे राहून मला काय उपयोग, असं म्हणून मी फोन ठेवला.

हे गेले तेव्हा घरभर माणसं होती. कुणी चहा केला, कुणी माझ्याजवळ झोपलं. ह्या वेळी कोणीच नव्हतं, आणि काय गेलं ते कुणाला सांगणार? जाहिराती गेल्या म्हणून रडतेय म्हटलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. मी रडले मात्र. आणि त्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली. माझं मोठ्यानं बोलणं थांबलं. दूधवाल्याला 'एक लिटर' आणि वॉचमनला मान हलवून 'बरं' एवढंच. काही दिवस तर संध्याकाळ झाली तरी आपण आज तोंड उघडलेलं नाही हे माझ्या लक्षातही यायचं नाही. लॅपटॉप मी पिशवीत घालून माळ्यावर टाकला. ह्यांना टेकडीवर एकटं जायचं होतं की नाही, ते आता कधीच कळणार नव्हतं. जायचंच होतं, असं मी धरून चालले.

दिवाळी न करताच गेली. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास एका दुपारी माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला. असले फोन मी उचलून लगेच कापते. पण पलीकडच्या माणसानं ह्यांचं आडनाव घेतलं आणि विचारलं, "साहेब हायेत का?"

इतक्या महिन्यांत ह्यांना कुणी बोलावलं नव्हतं. माझं बोट तिथेच थांबलं.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"मी दिंडोरीहून बोलतोय मॅडम, प्लॉटवाला. साहेबांनी नेटवर नाव-नंबर टाकला होता, तवापासून वळख. त्यांचा नंबर लागत नाय बघा. हा दुसरा दिलेला त्यांनी, घरचा म्हणून. म्हणलं दिवाळी झाली, लावून बघावा."

"ते... घरी नाहीत," मी म्हणाले. "काय काम होतं?"

"काम काय, जागेचंच. येऊन गेले ना साहेब. गाडी पाठवतो म्हणलं तर नाय म्हणले, एसटीनं आले."

एसटीनं गेले होते. कधी, ते मला माहीतही नव्हतं. तरी मी विचारून टाकलं. "टेकडीवरची जागा त्यांना फार आवडली असेल, नाही?"

"नाय ना! तीच तर मी दाखवत होतो. आपली सगळ्यात भारी जागा हे ती. खाली पाणी, वर वारा, कोणाची कटकट नाय. साहेबांनी सगळं फिरून बघितलं. म्हणले, लय छान हे, पण नको. गावाला चिकटून काय हे का ते दाखवा. म्हणलं साहेब, तिथं रस्ता हे, दिवसभर ट्रॅक्टर, छाटणीला बाया येत्यात-जात्यात, सारखी बडबड. तर म्हणले, तेच पाहिजे."

"तेच पाहिजे?"

"हां. म्हणले, मी काय फार बोलत नाय. पण आमच्या घरी माणूस हे, तिला बोलायला कोणीतरी लागतं. माझ्यामागं तिचं बोलणं बंद पडलं तर कसं व्हायचं? त्यामुळं आधी शेजार दाखवा, म्हणले, जागा मग बघू." तो हसला. "मी इतके प्लॉट दाखवले मॅडम, पण पाणी, लाइट सोडून पहिला शेजार बघणारा माणूस नाय पाहिला. हॅलो? मॅडम? आवाज येतोय ना?"

मी नुसती मान हलवली, फोनवर ती दिसत नाही हे विसरून.

"रेंज गेली का काय. हॅलो?"

"येतोय," मी म्हणाले. "बोला."

"बाकी काय नाय. हा नंबर ठेवू ना माझ्याकडं? का काढून टाकू? काही लोकांना आवडत नाय सारखे फोन केलेले."

"ठेवा," मी म्हणाले. "काढू नका."

"बरं. आन् साहेब आले का तेवढं सांगा त्यांना. तवा त्या गावाजवळच्या जागेला लागून शेजार नव्हता, म्हणून त्यांचं मन होईना. आता दोन घरं झालीत. एक शाळेच्या बाई राहायला आल्यात, त्या पण लय बोलत्यात. साहेबांना म्हणावं, शेजार आलाय."

"सांगते," मी म्हणाले.